शिल्लक वाढली : बैजिक भूमिती कार्यशाळा, गट ४ च्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

निवड झाल्याचं पत्र आलं. पुण्यात दोन आठवडे, सकाळी व्याख्यानं, दुपारी गटाने एका प्रश्नावर काम. मला गट ४ मिळाला : धन कॅरॅक्टरिस्टिकमध्ये सिंग्युलॅरिटींचं निरसन, म्हणजे आकृतीतले गुळगुळीत नसलेले बिंदू घालवणं. अर्जात हा दुसरा पसंतीक्रम होता. पहिला होता वेक्टर बंडल, कारण पीएचडी त्यातली. पण पीएचडीला नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून रोज एफवायला लिमिट आणि टीवायला ग्रुप थिअरी शिकवते, त्यामुळे दोन्हीकडे मी सारखीच नवखी.

कॉलेजच्या ऑफिसात ड्यूटी लीव्हचा अर्ज दिला. क्लार्कने विषय वाचला आणि विचारलं, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?" नाही म्हटल्यावर अर्ज बराच वेळ टेबलावरच राहिला.

वाचायचं ते वाचते आहे. हिरोनाका, १९६४ : कॅरॅक्टरिस्टिक शून्य असेल तर कुठल्याही मितीतली बैजिक (बहुपदी समीकरणांनी ठरणारी) आकृती ब्लो-अप करत करत गुळगुळीत करता येते. त्याबद्दल १९७० चं फील्ड्स पदक. कॅरॅक्टरिस्टिक प असेल, म्हणजे १ ची प वेळा बेरीज केली की शून्य येत असेल, तर तीन मितींपर्यंत सिद्ध झालं आहे. चार आणि पुढे साठ वर्षांनीही खुलं. नक्की काय अडतं, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही. दोन आठवड्यांत तेवढं जरी जमलं तरी बस्स.

सोमवार, ९ डिसेंबर

पहाटेच्या एसटीने कराडहून. पुण्यात चांगलीच थंडी, हॉस्टेलच्या खोलीत गरम पाणी सात ते साडेसात एवढंच.

गटात आम्ही पाच : गटप्रमुख सर, केरळचा एक पोस्टडॉक, कोलकात्याचा एक मुलगा जो बोलत नाही पण फळ्यावर सगळ्यांच्या आधी पोचतो, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी (नागपूरची, पहिल्या दहा मिनिटांत मला "ताई" म्हणू लागली), आणि मी.

पहिलं व्याख्यान ओळखीपुरतं. य² = क्ष² (क्ष + १) हा वक्र आरंभबिंदूपाशी स्वतःलाच छेदतो. सुतळीचा फास टेबलावर टाकला की एक दोरा दुसऱ्यावरून जातो, तसा. ब्लो-अप म्हणजे त्या एका बिंदूच्या जागी त्यातून जाणाऱ्या सगळ्या दिशा ठेवायच्या. य = क्ष·त घातलं की दोन्हीकडचा क्ष² उडतो आणि उरतं त² = क्ष + १. आता क्ष = ० ला त = १ आणि त = −१, दोन वेगळे बिंदू. एक दोरा उतार १ ने येत होता, दुसरा उतार −१ ने. त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर नेलं आणि फास सुटला.

जेवताना नागपूरच्या मुलीने विचारलं, "आणि कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये?" तिथे १ आणि −१ एकच! दोन मजले एकावर एक येतात. सर म्हणाले, "अहो, तीच तर आपली पंधरवड्याची गोष्ट."

मंगळवार, १० डिसेंबर

दुपारी सरांनी सरावासाठी शंकू दिला : क्ष² + य² + झ² = ०, कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये ब्लो-अप करा. मी गंभीरपणे तीन चार्ट (ब्लो-अप लिहून पाहायचे तीन निर्देशक-संच) मांडले आणि दीड पान लिहिलं. कोलकात्याच्या मुलाने माझ्या वहीत डोकावून एकच ओळ लिहिली : = (क्ष + य + झ)². शंकू नाहीच, दोनदा मोजलेलं एक प्रतल. २ गुणिले काहीही शून्य, त्यामुळे बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज. आठवीतली पोरं पेपरात करतात ती चूक इथे नियम आहे. शंकू हवा असेल तर य·झ + क्ष² असा लिहायचा.

मग सरांनी मुद्दा काढला. कॅरॅक्टरिस्टिक शून्यात पहिली पायरी असते वर्ग पूर्ण करणे. क्ष² + अ·क्ष + ब मध्ये क्ष च्या जागी क्ष − अ/२ घातलं की मधलं पद जातं, आणि नवा क्ष = ० हे असं प्रतल निघतं ज्याला सगळे वाईट बिंदू पुढच्या ब्लो-अपमध्येही चिकटून राहतात. मग प्रश्न त्या प्रतलावर उतरवायचा; एक मिती कमी. हिरोनाकाच्या सिद्धतेचा कणा हाच. श्रीधराचार्यांची रीत, भास्कराचार्यांनी बीजगणितात उद्धृत केलेली, दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायला सांगते. कॅरॅक्टरिस्टिक २ मध्ये चौपट म्हणजे शून्य. गुणलं की समीकरणच पुसलं गेलं.

बुधवार, ११ डिसेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते. पुढचं सगळं यावर उभं राहणार.

आमच्या प्रकल्पातले पृष्ठभाग सगळे एकाच साच्याचे : क्ष² + फ(य, झ) = ०, सहगुणक फक्त ० आणि १. फ मध्ये कुठलाही पूर्ण वर्ग असेल तर तो क्ष मध्ये जिरवता येतो (क्ष² + व² = (क्ष + व)²), म्हणून वर्ग आधी काढून टाकायचे. याला आम्ही "सफाई" म्हणतो. ब्लो-अप केल्यावर फ मधून य किंवा झ चे काही घात बाहेर येतात. ते नव्याने जन्मलेल्या एक्सेप्शनल वक्रांचे, त्यांचा हिशेब वेगळा. ते काढून जे उरतं त्याची ऑर्डर, म्हणजे सगळ्यांत लहान पदाचा घात, ही आमची "शिल्लक". कॅरॅक्टरिस्टिक शून्यात ही शिल्लक कधीच वाढत नाही. कमी होत होत संपते, म्हणून प्रक्रिया थांबते.

सरांनी उदाहरण दिलं ते ऑस्ट्रियाचे हेरविग हाउझर यांच्या लेखनात येतं : क्ष² + य⁷ + य·झ⁴. सुरुवातीची शिल्लक ५. "तीन ब्लो-अप करा, संगणक न वापरता."

पहिला. क्ष च्या जागी क्ष·य, झ च्या जागी झ·य, आणि सगळ्यातून य² बाहेर :
क्ष² + य³(य² + झ⁴). शिल्लक २.

(क्ष आणि य जोडून लिहिलं की "क्षय" होतो. केरळच्या पोस्टडॉकला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, शिल्लक उतरत असेपर्यंत शब्द योग्यच आहे.)

दुसरा. आता क्ष च्या जागी क्ष·झ, य च्या जागी य·झ, बाहेर झ² :
क्ष² + य³झ³(य² + झ²). शिल्लक अजून २. इथे दोन एक्सेप्शनल वक्र, य = ० आणि झ = ०, एकमेकांना छेदतात आणि आपण बरोबर छेदनबिंदूवर उभे आहोत.

तिसरा. इथे दिशा निवडायची ती दोन्ही वक्रांपासून दूरची : य च्या जागी (य + १)·झ. आता कंसातलं य² + झ² होतं झ²((य + १)² + १), म्हणजे झ²·य², कारण १ + १ = ०. झ² बाहेर काढल्यावर :
क्ष² + झ⁶·य²(य + १)³.

मी लिहिलं : झ⁶ एक्सेप्शनल, (य + १)³ इथे शून्य होत नाही, उरला य², शिल्लक २. वाढली नाही, सर. पेन खाली ठेवलं.

सर काही बोलले नाहीत. नागपूरची म्हणाली, "ताई, सफाई?"

(य + १)³ उलगडला : य²(य + १)³ = य² + य³ + य⁴ + य⁵. त्यातले झ⁶य² आणि झ⁶य⁴ पूर्ण वर्ग. क्ष मध्ये जिरवले. उरलं :
क्ष² + झ⁶(य³ + य⁵) = क्ष² + झ⁶·य³(१ + य²).

शिल्लक ३.

दोनाची तीन झाली. बँकेत झाली असती तर पेढे वाटले असते. इथे अख्ख्या पद्धतीचा आधार हाच की हा आकडा चढत नाही, आणि वहीच्या एका पानात तो चढला. हाउझरनी अशा बिंदूला कांगारू म्हटलं आहे, त्याच्या आधीच्या बिंदूला काळवीट, आणि जिथून हे सुरू होतं त्याला ओअॅसिस. नावं पोरकट वाटली होती. तिसऱ्या ब्लो-अपमध्ये आपण दोन्ही जुन्या वक्रांवरून खरोखरच उडी मारतो हे हाताने करून पाहिल्यावर तक्रार राहिली नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळचं व्याख्यान इतिहासाचं. न्यूटनची १६७६ ची पत्रं, प्युइझ १८५० : शून्य कॅरॅक्टरिस्टिकमध्ये वक्राच्या प्रत्येक फांदीला क्ष च्या अपूर्णांकी घातांची मालिका मिळते, आणि घातांकांचा छेद एकच असतो. कॅरॅक्टरिस्टिक प मध्ये य^प − य = १/क्ष घ्या. उत्तर निघतं क्ष चा घात −१/प, अधिक −१/प², अधिक −१/प³, असं न संपणारं. छेद वाढतच जातात. हे श्रीराम अभ्यंकरांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं.

त्याच वर्षी त्यांचं मोठं काम आलं : कॅरॅक्टरिस्टिक प मधल्या पृष्ठभागांसाठी निरसन. जन्म १९३० चा उज्जैनचा, हार्वर्डला झारिस्कींचे विद्यार्थी; झारिस्कींनी शून्य कॅरॅक्टरिस्टिकमध्ये पृष्ठभाग १९३९ ला आणि तीन मिती १९४४ ला केल्या होत्या. १९६६ मध्ये अभ्यंकरांनी तीन मितींचाही प्रश्न सोडवला, पण २, ३, ५ हे कॅरॅक्टरिस्टिक वगळून. तिघांसह सगळं व्हायला कोसार आणि पिल्तां यांच्या २००८-०९ च्या शोधनिबंधांची वाट पाहावी लागली.

वक्त्याने अभ्यंकरांचा "हायस्कूल बीजगणिताचा" हट्ट सांगितला : बहुपदी लिहा, बदल घाला, घात मोजा. मला बरं वाटलं. काल आम्ही दुसरं काय केलं?

संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्याने चालत दामले पथापर्यंत गेले. अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान तिथे आहे. एमएस्सीत असताना एका उन्हाळ्यात इथे वर्गाला आले होते तेव्हा ते हयात होते (२०१२ ला गेले), पण माझी समोर बसायची वेळ आली नाही. फाटकापाशी थोडी थांबले आणि अमृततुल्यात चहा घेऊन परत आले.

शुक्रवार, १३ डिसेंबर

प्रकल्प ठरला : लहान घातांचे सगळे फ घेऊन, तीन ब्लो-अपपर्यंत, शिल्लक कुठे वाढते ते संगणकाने शोधायचं. साधन मॅकॉले-२, बीजगणिताचं सॉफ्टवेअर. ज्यांच्या नावाने ते आहे ते मॅकॉले लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिक्षक होते आणि लिटलवूड त्यांच्या हाताखाली शिकले. ऑफिसातल्या क्लार्कला हे सांगायला हवं.

घात दोनपासून सातपर्यंतची पदं तेहतीस. सगळी बहुपदी घ्यायची तर आकडा आवाक्याबाहेर, म्हणून एका बहुपदीत जास्तीत जास्त तीन पदं. स्क्रिप्ट नागपूरची लिहिते, मी शेजारी बसून वहीतल्या उदाहरणाशी ताडून पाहते. प्रत्येक टप्प्यावर तीन बिंदू तपासायचे : य चा चार्ट, झ चा चार्ट, आणि सरकवलेला (य + १).

वाय-फाय दुपारभर बंद. संगणक कक्षाच्या माणसाने दोनदा "पाच मिनिटांत" सांगितलं.

शनिवार, १४ डिसेंबर

स्क्रिप्ट चालली. निकाल : कांगारू शून्य.

एकही नाही! वहीत तर एक उड्या मारतोय. य⁷ + य·झ⁴ एकट्याने चालवलं, तरी ५, २, २, ०. शेवटी शून्य कसं?

तीन तास गेले. नागपूरची ओळीओळीने छापून बघत होती. तिसऱ्या टप्प्यावर बहुपदी बरोबर येत होती : झ⁶·य³(१ + य²). स्क्रिप्ट झ⁶ बाहेर काढत होती, आणि य³ सुद्धा. स्क्रिप्टच्या यादीत "य एक्सेप्शनल, घातांक ३" अशी नोंद आधीच्या टप्प्यावरून आलेली होती. तिने शोधलं, य³ सापडला, काढून टाकला, उरलं १ + य², शिल्लक शून्य.

पण तो य³ हा तो य³ नव्हे! आधीचा य³ जुन्या वक्राचा; सरकवल्यावर तो (य + १)³ झाला आणि या बिंदूपासून लांब गेला. आत्ताचा य³ सफाईतून उरलेला, त्याचा कुठल्याच वक्राशी संबंध नाही. दोघांचा घातांक योगायोगाने ३, म्हणून चूक झाकली गेली. घातांक वेगळे असते तर स्क्रिप्ट तिथेच अडखळली असती आणि आम्हाला दहा मिनिटांत कळलं असतं. एकाच नावाची दोन मुलं वर्गात असली की हजेरीत होतो तसा घोळ.

दुरुस्ती एका ओळीची : सरकवताना य ची एक्सेप्शनल नोंद पुसायची.

रविवार, १५ डिसेंबर

सुट्टी. सकाळी सगळे वेताळ टेकडीवर. खाली येऊन मिसळ. कोलकात्याच्या मुलाने तर्री मागून घेतली आणि मग बराच वेळ ताकावर काढला. काम काही नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

दुरुस्त स्क्रिप्टने आता भरपूर कांगारू दिले. फार भरपूर. यादीत वाढ २ सुद्धा.

केरळच्या पोस्टडॉकने लगेच मान हलवली. मोह यांचं १९८७ चं प्रमेय आहे : आमच्या साच्यात, म्हणजे क्ष चा घात नुसता प असताना, शिल्लक एका फटक्यात १ पेक्षा जास्त वाढूच शकत नाही. (मोह हे अभ्यंकरांचे विद्यार्थी, दोघांच्या जोडनावाचं प्रमेय १९७५ चं.) म्हणजे एकतर मोह चुकले किंवा आम्ही. पैज लावायला कुणीही पुढे आलं नाही.

एक गुन्हेगार हाताने तपासला : य² + य⁴झ + झ⁵. स्क्रिप्ट म्हणते सुरुवातीची शिल्लक २, सरकवलेल्या बिंदूवर ४. हाताने : य⁴झ + झ⁵ = झ(य + झ)⁴, आणि य च्या जागी (य + १)·झ घातल्यावर त्याचं होतं झ³य⁴. उरलेलं (य + १)² पूर्ण वर्ग, सफाईत गेलं. शिल्लक ४ बरोबर. मग सुरुवातीची २ कुठून? त्या य² मुळे. आणि य² हा स्वतःच वर्ग! तो पहिल्या दिवसापासून क्ष मध्ये जायला हवा होता. आम्ही सफाई फक्त सरकवल्यावर करत होतो, आत घेताना नाही. खरी सुरुवात ५, मग ४. वाढ कसली, उतरण आहे.

घरात पाहुणे येऊन गेल्यावर झाडलं आणि आधीच्या कचऱ्याचा आळ पाहुण्यांवर गेला.

तेहतीस पदांतून नऊ वर्ग काढले. य·झ हे पदही काढलं, ते असलं की साधा शंकू होतो आणि एका ब्लो-अपमध्ये सुटतो. उरली २३. एक, दोन किंवा तीन पदांच्या बहुपदी : २३ + २५३ + १७७१ = २०४७. कोलकात्याचा मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलला : "शून्य बहुपदी धरली तर २०४८, दोनचा अकरावा घात. गोलेचा कोड." खरंच की, १ + २३ + २५३ + १७७१ = २¹¹ याच योगायोगावर तो चुका दुरुस्त करणारा तेवीस बिटांचा कोड उभा आहे. आमच्या कामाशी काडीचा संबंध नाही, पण वीस मिनिटं त्यावर गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

पूर्ण यादी चालवली. आता प्रत्येक कांगारूची वाढ बरोबर १. वहीतला आहे, य-झ अदलाबदल केलेला त्याचा जुळा आहे, तीन पदांचेही आहेत, उदाहरणार्थ य⁷ + य·झ⁴ + झ⁷.

तक्ता करताना दिसलं : उडीच्या आधीच्या टप्प्यावर दोन्ही एक्सेप्शनल घातांक कायम विषम. सरांना उत्साहाने सांगितलं. "माहीत आहे ते," सर म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "पण का, ते तुम्ही सांगा."

बुधवार, १८ डिसेंबर

रात्री अडीचला जमलं. सकाळी फळ्यावर केलं, टिकलं. इथे नीट लिहून ठेवते.

उडीच्या आधी सगळ्यांत लहान घाताचा भाग : य^म · झ^न · ग(य, झ), ग चा घात द, हीच शिल्लक. सरकवलेला बिंदू बघायचा तर झ = १ ठेवा आणि य^म·ग(य) हे बहुपद य = १ पाशी तपासा. म + न + द विषम असेल तर झ चा घातांक विषम येतो, एकही पद वर्ग नाही, सफाईला काही सापडतच नाही. म्हणून ती बेरीज सम धरू. मग सफाई नेमके सम घात उडवते.

आणि सम घात अजून कोण उडवतं? डेरिव्हेटिव्ह! य² चं २·य, म्हणजे शून्य. य⁴ चं शून्य. विषम घात मात्र एकाने उतरून शिल्लक राहतात. एफवायच्या पोरांना दरवर्षी शिकवते आणि नऊ वर्षांत कधी असं पाहिलं नाही. म्हणजे सफाईनंतरची ऑर्डर = डेरिव्हेटिव्हची ऑर्डर + १.

म सम असेल तर य^म डेरिव्हेटिव्हपुढे स्थिरांकासारखा वागतो. उरतं य^म·ग′, त्यात ग′ चा घात फार तर द − १. एका बिंदूपाशी बहुपद आपल्या घातापेक्षा जास्त वेळा शून्य होत नाही, आणि य = १ ला य^म शून्य नाही. म्हणून नवी शिल्लक फार तर द. उडी नाही.

म विषम असेल तर य^(म−१) बाहेर, आत (य·ग)′, त्याचा घात फार तर द. नवी शिल्लक फार तर द + १. उडी मारलीच तर एकाची.

य आणि झ ची अदलाबदल केली की न साठीही तेच : उडीसाठी दोन्ही विषम हवेत. (डेरिव्हेटिव्ह पूर्ण शून्य झालं तर? मग अख्खा भाग पूर्ण वर्ग होता आणि सफाईत आधीच जायला हवा होता. नागपूरच्या मुलीने हे विचारलं म्हणून कंसात लिहिलं.)

सर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे मोहच्या प्रमेयाचं सगळ्यांत छोटं पिल्लू आहे." केरळचा म्हणाला, कांगारूच्या पिशवीतलं. मला दोन्ही चाललं.

गुरुवार, १९ डिसेंबर

सादरीकरण. वीस मिनिटं ठरलेली, आमच्याआधीचा गट डी याँगच्या १९९६ च्या आल्टरेशनवर (निरसनाचा एक सौम्य पर्याय) इतका रमला की आमच्या वाट्याला अकरा आली. स्लाइड सोडून दिल्या आणि फक्त तीन ब्लो-अप फळ्यावर केले. तिसऱ्याला मी मुद्दाम थांबले : "शिल्लक दोन. बरोबर?" सभागृहातल्या निम्म्या माना हलल्या. मग मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, वर्ग काढा ना.

एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, प = ३ ला काय होतं? तेव्हा मला एवढंच सांगता आलं की माझी सिद्धता सम-विषमावर उभी आहे आणि ३ ला सम-विषम चालणार नाही.

शुक्रवार, २० डिसेंबर

समारोप, प्रमाणपत्र (ऑफिसासाठी झेरॉक्स दोन), मेसच्या काकांचा निरोप. स्वारगेटहून दुपारची गाडी.

खंबाटकी घाटात गाडी संथ झाली तेव्हा प = ३ डोक्यात घोळत होतं. म विषम, म सम... हे वेगळे करायची गरज काय? साधा गुणाकाराचा नियम लावला तर

(य^म·ग)′ = य^(म−१) · (म·ग + य·ग′).

कंसातल्या बहुपदाचा घात फार तर द. य = १ ला बाहेरचा घात शून्य होत नाही. डेरिव्हेटिव्ह प च्या पटीतले घात उडवतं, आणि क्ष^प च्या साच्यात सफाईही तेच घात उडवते. नवी शिल्लक फार तर द + १. प = ३, ५, ७, कुठलाही. म ला प ने भाग गेला तर म·ग जातो, घात द − १, उडी नाही. काल बाईंना जे चालणार नाही म्हणून सांगितलं ते चालतं. दोन हा आकडा मी फुकट घुसवला होता.

तिकिटाच्या मागे पुन्हा लिहून पाहिलं. घात मोजला. मग पुन्हा मोजला.

गटाला निरोप टाकला : "म·ग + य·ग′. घात द च. २ लागतच नाही." नेटवर्क शिरवळपासून गेलेलं, निरोप उंब्रजजवळ पोचला. नागपूरचं उत्तर दोन मिनिटांत : "ताई, ३ साठी सफाईत घन काढायचे आणि सरकवायला य + १ आणि य + २ दोन्ही, हो ना? स्क्रिप्ट रात्री लावते."

तिला लिहिलं : आत घेतानाही सफाई कर.